आधी हिरड्या, मग दात : डाऊन सिंड्रोम असलेल्यांच्या तोंडाची काळजी

डाऊन सिंड्रोम (पेशींत एक गुणसूत्र जास्त असल्याने जन्मतःच असणारी अवस्था) असलेलं बाळ घरात आलं की पहिली दोन-तीन वर्षं हृदय, थायरॉईड, कान, डोळे, फिजिओथेरपी यांच्या तारखा सांभाळण्यातच जातात. दातांचा नंबर फार उशिरा लागतो, बहुतेक घरांत तर दुखायला लागल्यावरच. माझा धाकटा भाऊ आता तिशी ओलांडलेला आहे. त्याचे रात्रीचे दात आम्ही दोघं मिळून घासतो, आधी तो आणि मग मी. डॉक्टरांकडून आणि रोजच्या सवयीतून जे कळत गेलं, ते या वाटेवर नव्याने आलेल्या आईबापांसाठी, भावंडांसाठी आणि आजी-आजोबांसाठी क्रमाने लिहिते आहे. उपचाराचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. पण त्यांना काय सांगायचं आणि काय विचारायचं, हे तुमच्या हातात आहे.

खरा धोका कुठे आहे

आपल्याकडे दात म्हटलं की कीड आठवते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये कीड बऱ्याचदा इतर मुलांपेक्षा कमी दिसते. दात उशिरा येतात, आकाराने लहान असतात, दोन दातांत फटी असतात, त्यामुळे अन्न तितकं अडकत नाही. घरचे निर्धास्त होतात ते इथेच. या माणसांचे दात जातात ते मुख्यतः हिरड्यांच्या आजारामुळे, आणि तो आजार लवकर सुरू होतो, भराभर वाढतो. वयात येण्याच्या सुमारासच खालचे पुढचे दात हलायला लागल्याची उदाहरणं डॉक्टरांना नवी नाहीत.

कारणं एकापेक्षा जास्त आहेत. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी या मुलांमध्ये पुरत्या ताकदीने काम करत नाहीत, त्यामुळे दातावर थोडासा थर साचला तरी हिरडी सुजते. दातांची मुळं आखूड आणि निमुळती असतात, म्हणजे हाडात रोवलेला भागच कमी. नाक बारीक आणि सतत चोंदलेलं असल्याने मूल तोंडाने श्वास घेतं आणि हिरड्या कोरड्या पडतात. वरचा जबडा लहान राहिल्याने खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात आणि चावताना नको तिथे दाब पडतो. शिवाय अनेकांना दात खाण्याची सवय असते, झोपेत आणि जागेपणीसुद्धा. हे सगळं जन्मासोबत आलेलं आहे, त्यात कुणाची चूक नाही. दातावर साचणारा थर मात्र रोज काढता येतो, आणि पुढचं सगळं लिहिणं त्यासाठीच आहे.

पहिली पायरी : दात यायच्या आधी

बाळाचं दूध पिऊन झालं की स्वच्छ मलमलचा तुकडा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवा, तो बोटाला गुंडाळून हिरड्यांवरून आणि गालांच्या आतून हलकेच फिरवा. दिवसातून एकदा तरी, शक्यतो रात्री. स्वच्छतेइतकाच यात सवयीचाही भाग आहे. या मुलांपैकी बऱ्याच जणांना तोंडाजवळचा स्पर्श नको वाटतो. तान्हेपणापासून आईचं बोट तोंडात गेलेलं असेल तर पुढे ब्रश आणि डॉक्टरांचा आरसा परका वाटत नाही. मूल फारच अंग चोरत असेल तर आधी हात, मग खांदे, मग गाल, मग ओठ, असं दिवसादिवसाने पुढे सरका. स्पीच थेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतील तर त्यांना तोंडाचा मसाज दाखवायला सांगा.

मधाचं बोट, साखरेत बुडवलेली चोखणी आणि रात्रभर तोंडात राहणारी दुधाची बाटली, या तिन्ही गोष्टी घरातल्या सगळ्यांना एकदाच स्पष्ट सांगून बंद करा. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचाच नसतो, त्याला वेगळी वैद्यकीय कारणंही आहेत.

दुसरी पायरी : उशिरा येणाऱ्या दातांना वेळ द्या

उष्टावण होतं, पहिला वाढदिवस होतो, तरी दाताचा पत्ता नसतो, आणि प्रत्येक पाहुणा तोंडात डोकावून विचारतो. उत्तर पाठ करून ठेवा : डाऊन सिंड्रोममध्ये पहिला दात साधारण १२ ते १४ महिन्यांत येतो, कधी कधी २ वर्षंही लागतात. दुधाचे २० दात पुरे व्हायला चौथं-पाचवं वर्ष उजाडतं. सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ आठव्या-नवव्या वर्षी आली तर नवल नाही. क्रमही उलटसुलट असतो. पुढच्या दातांआधी दाढ आलेली बघून घाबरू नका.

काही दात मुळात नसतातच. अक्कलदाढा, वरचे पटाशीच्या बाजूचे दात आणि खालच्या दाढांच्या पुढचे छोटे दात यांची गैरहजेरी नेहमीची आहे. म्हणून एक नियम लक्षात ठेवा : दुधाचा दात पडत नाही म्हणून तो काढायला कुणी सांगितलं, तर आधी एक्स-रे मागा. मूल उभं राहू शकत असेल तर पूर्ण जबड्याचा ओपीजी काढता येतो. खाली कायमचा दात असेल तर ठीक. नसेल, तर तो दुधाचा दातच पुढची कित्येक वर्षं काम करणार आहे. त्याला जपायचं.

पहिला दात दिसला की सहा महिन्यांच्या आत, आणि दात नसला तरी पहिल्या वाढदिवसापर्यंत, डेंटिस्टला एकदा भेटा. काही करून घ्यायला नाही, ओळख व्हावी म्हणून.

तिसरी पायरी : घासणं

इथे घाई करू नका. आधी बसायची पद्धत. लहान मुलासाठी दोन मोठ्यांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. मुलाचे पाय एकाच्या कमरेभोवती, डोकं दुसऱ्याच्या मांडीवर. तोंड वरून पूर्ण दिसतं, आणि मुलाला आपलं माणूस समोर दिसत राहतं. मोठ्या मुलासाठी किंवा प्रौढासाठी खुर्ची उत्तम. तो खुर्चीवर, तुम्ही मागे, त्याचं डोकं तुमच्या पोटाला किंवा छातीला टेकलेलं. मान मागे ताणायची नाही, नुसती टेकवायची. याचं कारण पुढे येईलच.

आमच्याकडे बेसिनपाशी प्लास्टिकचं स्टूल असतं. भाऊ आरशात बघत स्वतःचं स्वतः घासतो, मग ब्रश माझ्या हातात देतो. मी डाव्या हाताच्या बोटाने त्याचा खालचा ओठ खाली ओढते. आता हिरडीची कड उघडी दिसते, गुलाबी, दातामागून दात कमानीसारखी गेलेली. ब्रशचे अर्धे केस दातावर, अर्धे हिरडीवर, तिरपे टेकवून जागच्या जागी बारीक बारीक हलवायचे आणि मग दाताच्या टोकाकडे ओढून घ्यायचे. करवतीसारखं आडवं खसाखसा घासलं की हिरडी मागे सरते आणि थर तिथेच राहतो. भाऊ मोठ्याने आकडे म्हणतो, एका जागी दहापर्यंत, मग पुढची जागा. आकड्यांमुळे संपणार कधी ते त्याला कळतं, आणि माझ्याकडूनही एखादा कोपरा सुटत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा म्हणजे खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू. जिभेखाली लाळेच्या ग्रंथी उघडतात, त्यामुळे किटण, म्हणजे कडक झालेला थर, सर्वांत आधी इथेच धरतं, आणि हलायला लागणारे पहिले दातही हेच. ब्रश उभा धरून त्याच्या टोकाने एकेक दात घासावा लागतो. जीभ मध्ये येते, ब्रश बाहेर ढकलते. जिभेशी भांडू नका. दोन दात झाले की थांबा, गिळू द्या, परत जा. त्यानंतर शेवटच्या दाढांची मागची बाजू. काहींच्या जिभेवर खोल भेगा असतात, त्यांच्या जिभेवरूनही मऊ ब्रश हलका फिरवा, कारण भेगांत अन्न साठून वास येतो.

रक्त आलं तर? हाच प्रश्न सगळे विचारतात, आणि रक्त आलं म्हणून घासणं बंद करतात. रक्त येतं ते बहुधा हिरडी सुजलेली असल्याने, आणि सूज थरामुळे असते. मऊ ब्रशने घासत राहिलं की आठवडा-दोन आठवड्यांत ते कमी व्हायला हवं. नाही झालं तर डेंटिस्ट. मात्र अचानक सगळ्या हिरड्यांतून रक्त, अंगावर निळसर डाग, चेहरा फिका, ताप, असं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या. या मुलांना रक्ताच्या कर्करोगाचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो, म्हणून ही एक गोष्ट टाळून चालत नाही.

सामान फारसं लागत नाही. छोट्या डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश. दांडा बारीक असल्याने ब्रश हातातून निसटत असेल तर सायकलच्या दुकानातून हँडलची रबरी मूठ आणून ब्रशच्या दांड्यावर चढवा, किंवा रबरी चेंडूला भोक पाडून दांडा त्यातून घाला. दाताच्या तिन्ही बाजू एकदम घासणारा तीन डोक्यांचा ब्रशही ऑनलाइन मिळतो. तोंड थोडाच वेळ उघडं ठेवणाऱ्यांसाठी तो फार सोयीचा. बॅटरीचा ब्रश चांगला, पण त्याची थरथर आधी तळहातावर, मग गालावर, मग दाताला, अशी ओळख करून द्या. दोन दातांमध्ये मोठ्या फटी असतील तर दोऱ्यापेक्षा बारीक बाटली-ब्रशसारखा इंटरडेंटल ब्रश सोपा जातो.

पेस्ट फ्लोराईडची. आपल्या देशात टूथपेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) फ्लोराईडची मुभा आहे. मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये त्याच्या निम्मंच असतं, म्हणून ट्यूबवरचा आकडा वाचा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. थुंकता येत नसेल तर उरलेला फेस ओल्या कपड्याने पुसून घ्या, पेस्ट पूर्ण बंद करायची गरज नाही. थुंकणं शिकवायचं ते पेस्टशिवाय, अंघोळीच्या वेळी, चूळ भरून बादलीत नेम धरण्याचा खेळ करून. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे. तिकडच्या घरांनी पेस्ट किती आणि कोणती, हे डेंटिस्टला विचारून ठरवावं.

मशेरी, लाल दंतमंजन, राख, मीठ हे सगळं बाजूला ठेवा. मशेरी ही तंबाखूच आहे. घरात आजी लावत असेल तर तिचं अनुकरण ही मुलं हमखास करतात, कारण बघून शिकणं हीच त्यांची मोठी ताकद आहे. डबी त्यांच्या नजरेआड हवी. त्याच ताकदीचा फायदाही घ्या : बाबा, ताई, दादा सगळ्यांनी रात्री बेसिनपाशी एकत्र घासायचं.

आणि मोठ्यांचा हात कधी काढायचा? आमच्या डॉक्टरांचं सांगणं होतं की नीट, स्वच्छ अक्षरात लिहिता येण्याएवढं बोटांवर नियंत्रण आल्याशिवाय कोणतंच मूल स्वतःचे दात पुरते घासू शकत नाही. डाऊन सिंड्रोममध्ये ते वय पुढे जातं, काहींच्या बाबतीत येतच नाही. स्वावलंबन म्हणून सातव्या-आठव्या वर्षी ब्रश पूर्णपणे त्याच्या हाती सोपवू नका. त्याने घासावं, त्याचं कौतुक व्हावं, आणि रात्रीचा एक हात तुमचा असावा. माझ्या मते या सगळ्या लेखातली सर्वांत जास्त फळ देणारी सवय हीच.

चौथी पायरी : खाणं आणि औषधं

थोडक्यात सांगते. बराच वेळ घास गालात धरून ठेवणं या मुलांत नेहमीचं आहे. जेवण झालं की पाणी प्यायला द्या आणि गालाच्या आतून बोट फिरवून बघा. चहात बुडवलेलं बिस्कीट दिवसभर थोडं थोडं देण्यापेक्षा जे गोड द्यायचं ते जेवणाबरोबर. थेरपीत बक्षीस म्हणून चॉकलेट-गोळी देत असतील तर ते बदलायला सांगा. टाळी, स्टिकर, आवडतं गाणं तितकंच चालतं. गोड सिरप रात्री ब्रश करण्याआधी द्यायचं, नंतर नाही. फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर हिरड्या वाढू शकतात, हे डेंटिस्टला सांगा. दम्याचा पंप घेतल्यावर चूळ भरायची. ओठांचे कोपरे वारंवार चिरत असतील तर नुसतं तूप लावत बसू नका. लाळेच्या ओलाव्याने तिथे बुरशी धरते आणि त्याला साधं मलम असतं.

पाचवी पायरी : डेंटिस्टकडे नेण्याची फाईल

डाऊन सिंड्रोम म्हटल्यावर डेंटिस्टने काही गोष्टी विचारल्याच पाहिजेत. त्यांनी नाही विचारल्या तर तुम्ही सांगा. एका फाईलमध्ये पुढचे कागद ठेवा.

हृदय : जन्मतः हृदयात दोष असण्याचं प्रमाण या मुलांत जवळजवळ निम्मं आहे. टू-डी एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल, ऑपरेशन झालं असेल तर त्याची तारीख आणि आत काय बसवलं त्याचा कागद. दात काढताना किंवा हिरड्या खोल साफ करताना जंतू रक्तात शिरतात, आणि काही विशिष्ट हृदयरोगांत ते हृदयाच्या अस्तराला चिकटून गंभीर आजार करू शकतात. अशांना उपचाराच्या ३० ते ६० मिनिटं आधी अँटिबायोटिकचा एकच मोठा डोस देतात. दुरुस्त न केलेला निळसर पडणारा दोष, कृत्रिम झडप, हाच अस्तराचा आजार (अंतर्हृदयशोथ) आधी होऊन गेलेला असणं, कृत्रिम तुकडा वापरून केलेल्या ऑपरेशननंतरचे पहिले सहा महिने किंवा त्या तुकड्यापाशी उरलेली गळती, हे मुख्य गट. सरसकट सगळ्या हृदयरोग्यांना तो लागत नाही. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांकडून एकदाच लेखी घ्या : डोस हवा की नको, कोणतं औषध, किती. स्वतःच्या मनाने देऊ नका आणि स्वतःच्या मनाने टाळूही नका.

मान : मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काहींचा सैल असतो. बहुतेकांना त्याचा त्रास कधीच होत नाही, पण मान जोरात मागे वाकवली किंवा वळवली तर मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. डेंटिस्टच्या खुर्चीत नेमकं हेच घडायची भीती असते. म्हणून आधीच सांगायचं : खुर्ची पूर्ण आडवी नको, मानेखाली टॉवेलची गुंडाळी हवी, डोकं ओढायचं नाही. मान दुखणं किंवा एका बाजूला धरणं, चाल बदलणं, हातातली ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही नव्याने दिसलं तर दाताचं काम थांबवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

श्वास : घोरणं, झोपेत श्वास अडखळणं, बसून झोपणं असेल तर लिहून ठेवा. आडवं केल्यावर जीभ मागे पडून अशांना गुदमरतं. दवाखान्यात झोपेचं सिरप देऊन काम उरकू म्हणणाऱ्यांना ही माहिती आधी द्या. भूलतज्ज्ञ आणि ऑक्सिजन मोजायची सोय नसेल तिथे गुंगीचं औषध घेऊ नका. नाकाने ओढायच्या लाफिंग गॅसचाही, नाक चोंदलेलं असेल तर, फारसा उपयोग होत नाही.

बाकी थायरॉईडचा ताजा अहवाल, चालू औषधांची यादी, ॲलर्जी, ऐकू किती येतं आणि कोणत्या बाजूने बोललं तर कळतं, एवढं एका पानावर.

सहावी पायरी : डॉक्टर शोधणं आणि पहिली भेट

लहान मुलांसाठी पेडोडॉन्टिस्ट, म्हणजे मुलांच्या दातांचे डॉक्टर, हे सर्वांत योग्य. विशेष मुलांशी वागण्याचं शिक्षण त्यांच्या अभ्यासक्रमातच असतं, आणि त्यांच्यापैकी बरेच जण या मुलांना मोठेपणीही बघतात. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. खर्च कमी, रांग मोठी. खासगीत जायचं तर फोनवरच तीन गोष्टी विचारा : डाऊन सिंड्रोम असलेली मुलं बघता का, पहिल्या भेटीत नुसतं बसून ओळख करून घेऊ द्याल का, आणि गरज पडली तर पूर्ण भुलीखाली काम कुठे करता. उत्तर देणाऱ्याच्या सुरावरूनच बरंच कळतं.

घरी रंगीत तालीम करा. खुर्चीला मागे उशी, हातात टॉर्च, आरशाऐवजी चमचा, आणि दात मोजायचे. आधी बाहुलीचे, मग ताईचे, मग त्याचे. दवाखान्याच्या दाराचा, खुर्चीचा, डॉक्टरांचा मास्क लावलेला फोटो मोबाईलवर आणून रोज दाखवा. ही मुलं ऐकण्यापेक्षा बघून कितीतरी लवकर शिकतात. वेळ सकाळची पहिली मागा, म्हणजे वाट बघावी लागत नाही. डॉक्टरांना सांगा की एका वेळी एकच सूचना द्या आणि उत्तरासाठी थांबा. तोंडातून शब्द यायला त्याला काही सेकंद जास्त लागतात, तेवढ्यात आपण दुसरा प्रश्न विचारला की पहिला पुसला जातो. आणि बोलायचं ते त्याच्याशीच. तीस वर्षांच्या माणसासमोर त्याच्या बहिणीला "ह्याला काही दुखतं का?" असं विचारणं बरं नव्हे. भाऊ स्वतः बोट ठेवून सांगतो.

हातपाय धरून काम करणं ही शेवटची, आणीबाणीची गोष्ट. नुसत्या तपासणीसाठी चौघांनी धरावं लागत असेल तर थांबवा आणि घरी या. एका दिवसाच्या भीतीमुळे पुढची कित्येक वर्षं तोंड उघडलं जात नाही.

सातवी पायरी : उपचारांबद्दल ठरवताना

हिरड्या ठीक असतील तर सहा महिन्यांनी, आजार सुरू झाला असेल तर तीन महिन्यांनी किटण काढून घ्यायचं. "साफ केल्याने दात हलायला लागतात" हे आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं. दात हललेले आधीच असतात. किटणाने त्यांना एकमेकांशी जखडून ठेवलेलं असतं, ते निघाल्यावर हलणं कळतं. तसंच "वरची दाढ काढली की नजर जाते" हेही खरं नाही. दाताची नस आणि डोळ्याची नस वेगळी.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं ०.२ टक्के द्रावण डेंटिस्ट काही आठवडे देतात. चूळ भरून थुंकता येत नसेल तर कापसाच्या काडीने हिरडीच्या कडेवर लावतात किंवा फवारतात. पेस्ट आणि ते यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. दातांवर तपकिरी डाग पडतात, ते नंतर निघतात. वर्षानुवर्षं आपल्या मनाने चालू ठेवायचं औषध ते नव्हे.

दाढांच्या खाचा भरणारं सीलंट आणि दातांवर लावायचा फ्लोराईडचा लेप, म्हणजे वार्निश, ही दोन्ही कामं काही मिनिटांची, न दुखणारी आहेत, आवर्जून करून घ्या. कीड लागलीच आणि मूल ड्रिलला तयार नसेल, तर हाताच्या अवजाराने कीड खरवडून सिमेंट भरता येतं, किंवा चांदी असलेलं फ्लोराईड, एसडीएफ, लावून कीड थांबवता येते. त्याने किडलेली जागा कायमची काळी होते, हे आधी समजून घ्या. दात सरळ करायच्या तारा काहींना जमतात. आखूड मुळं, हिरड्यांची अवस्था आणि रोज तारांभोवती घासण्याची तयारी बघून ठरवायचं.

काम खूप असेल आणि बसणं शक्यच नसेल, तर हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन सगळं एका वेळी करणं हा चांगला मार्ग आहे. आधी हृदय, थायरॉईड, रक्त, श्वास आणि मान यांची तपासणी होईल. भूलतज्ज्ञांना डाऊन सिंड्रोमचं वेगळं सांगा, कारण श्वासनलिका वयाच्या मानाने अरुंद असते आणि लहान नळी लागू शकते. एक गोष्ट आवर्जून विचारा : त्याच भुलीत कानाच्या डॉक्टरांना कान बघून घेता येतील का, राहिलेलं रक्त काढता येईल का, एक्स-रे घेता येतील का. एका भुलीत जेवढं उरकेल तेवढं बरं.

दुखतंय हे कसं ओळखायचं

ही माणसं दुखणं उशिरा आणि वेगळ्या तऱ्हेने दाखवतात. "दात दुखतो" हे वाक्य येईलच असं नाही. भाकरी सोडून नुसता वरणभात मागणं, एकाच बाजूने चावणं, गार पाणी नाकारणं, गालावर हात, लाळ वाढणं, तोंडाला वास, रात्री उठून बसणं, ब्रश बघून एकाच बाजूला मान फिरवणं, किंवा शांत माणसाने अचानक चिडणं. स्वभाव बदलला की मानसोपचाराचा विचार करण्याआधी तोंडात टॉर्च मारून बघा. हिरडीवर पुटकुळी, गालावर सूज किंवा ताप दिसला तर उद्यावर ढकलू नका.

मोठेपणी

शाळा सुटली की तपासण्याही सुटतात, आणि नेमक्या याच वयात हिरड्या झपाट्याने बिघडतात. त्याच्या खोलीत चित्रांचा तक्ता लावा : ब्रश, पेस्ट, आरसा, टिकमार्क. कार्यशाळेत किंवा निवासी संस्थेत राहत असेल तर रात्री कोण घासतं, त्या माणसाचं नाव विचारा आणि त्याला एकदा करून दाखवा. चाळिशीनंतर अल्झायमरची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. वर्षानुवर्षं स्वतः घासणारा माणूस ब्रश हातात धरून नुसता उभा राहिला, तर तो आळस समजू नका. डॉक्टरांना सांगा, आणि त्याच्या मागे खुर्ची घेऊन परत पहिल्यासारखं घासायला लागा. अवघड दातांचे निर्णय या टप्प्याआधी घेतलेले बरे, कारण नंतर कवळीची सवय लावणं फार जड जातं.

पैसे आणि हक्क

शून्य ते १८ वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी आणि शाळांत तपासणी करतात. त्यांच्या यादीत डाऊन सिंड्रोमही आहे आणि दातांचे आजारही, त्यामुळे जिल्हा रुग्णालयापर्यंतची चिठ्ठी तिथूनच मिळू शकते. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. आधी वैद्यकीय चाचणी लागत नाही, वयाची अट नाही, आणि प्रतिबंधक दंतोपचारांसाठीही त्यात ठरावीक रक्कम असते. ती मर्यादा पॉलिसीच्या कागदावर वाचा आणि बिलं जपून ठेवा. नोंदणी ट्रस्टशी जोडलेल्या संस्थांमार्फत होते. तुमच्या विशेष शाळेला विचारलं तर जवळची संस्था कळेल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम २५ मध्ये तपासणी आणि उपचारांत प्राधान्याची तरतूद आहे. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभं राहण्याआधी खिडकीवर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) दाखवा आणि वेगळी रांग आहे का ते विचारा.